माणसे कोणाला मानतात?

आटगाव स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी बसलो होतो. कसाऱ्याहून येणारी गाडी नुकतीच चुकली होती. एवढ्यात रस्त्यावरून एका पुढाऱ्याची मोटार गेली आणि बाकावरची चार माणसे चटकन उभी राहिली. माझ्या शेजारचे म्हातारे बाबा मात्र बसूनच होते. मी सहज म्हटले, "बाबा, तुम्ही यांना मानत नाही वाटतं?" बाबा म्हणाले, "मास्तर, हे उठले ते मानतात म्हणून नाय, भितात म्हणून. मानणं येगळं."

वर्गात वीस वर्षे इतिहास शिकवून मला जो भेद नीट मांडता आला नव्हता, तो बाबांनी दोन वाक्यांत सांगितला. लोक कोणाला भितात ते उघड दिसते. पण लोक कोणाला मानतात, आणि का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला दिल्लीला जायचे कारण नाही. आमच्या शहापूर-मुरबाडच्या आसपासच ते सापडते.

आटगावहून कल्याणच्या दिशेने निघालात, तर चौथे स्टेशन टिटवाळा. आपण तिथे जातो ते गणपतीच्या दर्शनाला. पण ७ जानेवारी १९४५ रोजी त्याच टिटवाळ्यात महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली होती. डहाणू-उंबरगावकडचे काही वारली तिला आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा सभेत उभा राहिला आणि आपल्या लोकांची हकीगत सांगू लागला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी थोडे कर्ज काढले की नवराबायको दोघेही सावकाराचे गडी व्हायचे. त्यांना 'लग्नगडी' असे नावच पडले होते. बोलावणे आले आणि गेले नाही, तर पाठीवर मार ठरलेला.

ही हकीगत ऐकणाऱ्यांत शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. पुण्या-मुंबईत मानाने राहता आले असते. त्या वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांचेच जेवण जेवल्या. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ बंद करायची असे ठरले. यात गंमतीची गोष्ट ही, की वेठ घेणे कायद्याने आधीही गुन्हाच होता. कायदा होता, पण त्याच्या आधारावर "नाही" म्हणण्याची छाती नव्हती. ती छाती त्या वर्षी आली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. तरीही लोक पुन्हा वेठीला गेले नाहीत. वारली गोदावरीबाईंना 'गोदाराणी' म्हणू लागले. राणी हा शब्द कोणी हुकूम देऊन म्हणवून घेतला नव्हता, हे लक्षात घ्या.

आता शहापूर सोडून मुरबाडकडे वळू. तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत सिद्धगड आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, १९१२ साली माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पावसाळ्यात शेतकऱ्याच्या कणग्या रिकाम्या होतात, तेव्हा तो सावकाराच्या दारात जातो आणि तिथेच अडकतो. भाईंनी हे ओळखले आणि धान्यकोठ्या काढल्या. अडचणीत धान्य न्या, पीक आले की परत करा. शाळाही चालवल्या. मग १९४२ ची चळवळ आली. भाईंच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारने त्यांना धरून देणाऱ्याला बक्षीस लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडच्या रानात त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. भाईंचे वय तेव्हा अवघे तीस. आजही दर २ जानेवारीला माणसे सिद्धगडाच्या पायथ्याशी जमतात. मनोरे पाडणारा वीर म्हणून तर ते मोठेच. पण मला वाटते, सावकाराच्या पायरीची भीती ज्याने आधी घालवली, त्याच्या मागे माणसे रानात जायला तयार झाली. धान्याची कोठी आधी होती, बंदूक नंतर आली.

इथे एक अवघड प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. बाळासाहेब खेर हे मुंबई इलाख्याचे पंतप्रधान. स्वच्छ, साधे, विद्वान गृहस्थ. आदिवासींच्या स्थितीची सिमिंग्टन यांच्याकडून चौकशी झाली ती त्यांच्याच पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात. आदिवासी सेवा मंडळ त्यांनीच १९४० साली काढले. आणि त्यांच्याच सरकारच्या काळात, १९४६ साली, परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले गेले! खेरांचा कळवळा खोटा होता काय? मुळीच नाही. ते आदिवासींचे दुःख हलके करू पाहत होते. पण दुःख हलके करणे एक आणि दुःख देणाऱ्यासमोर माणसाला ताठ उभे करणे दुसरे. पहिल्याबद्दल लोक उपकार स्मरतात. दुसऱ्याला ते मानतात. १९५७ च्या निवडणुकीत ठाणे मतदारसंघाने लोकसभेवर दोन माणसे पाठवली: एक शामराव परुळेकर, दुसरे लक्ष्मण महादू माटेरा. हद्दपार झालेला माणूस लोकांनी मतपेटीतून परत आणला.

मात्र मानण्यातही एक धोका आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी तो सांगितला. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, अशा अर्थाचे ते बोलले. ज्याने आपली भीती घालवली, त्यालाच आपण भिऊ लागलो, तर सगळा हिशेब उलटा झाला! कोतवालांची तसबीर लावून त्यांच्या धान्यकोठीचा हिशेब कोणी विचारू नये, असे झाले तर ती कोठी बुडाली म्हणून समजा.

आणि विचारण्यासारखे आजही पुष्कळ आहे. आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे भातसाचेही जाऊ लागले. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहतात. पुढाऱ्याची मोटार थांबवून "आमचं पाणी कुठं गेलं?" असे विचारणारी बाई ज्याला आपली वैरीण वाटत नाही, तो पुढारी मानण्याजोगा.

म्हणून, वाचकहो, एखाद्या पुढाऱ्याचे नाव तुमच्या तोंडी कौतुकाने आले, तर क्षणभर थांबा. त्याच्या सभेला किती गर्दी होती ते सोडा. त्याच्यामुळे तुमच्या गावातला कोणता माणूस कोणाला भ्यायचा थांबला, एवढे आठवून पाहा. नाव आठवले, तर खुशाल माना. नाही आठवले, तर मोटार जाईल तेव्हा त्या बाबांसारखे स्वस्थ बसून राहा. चहा गार होऊ देऊ नका.