टोमॅटो, तंबाखू आणि २८ अंश

मागच्या मे महिन्यात मी एका रोपवाटिकावाल्याला बरंच बोलून आलो. "या जातीच्या मुळांना गाठी येत नाहीत" असं सांगून त्याने टोमॅटोची रोपं दिली होती. गच्चीवरच्या कुंड्यांत त्यांनी माना टाकल्या. उपटून पाहतो तर गाठीच गाठी! सूत्रकृमी. मला वाटलं, फसवलं याने. नंतर थोडं वाचन केलं, तर ही गोष्ट बरीच जुनी निघाली.

१९२९ साली अमेरिकेत फ्रान्सिस होम्स यांनी दाखवलं की, तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदाच्या पानावर मोझॅक रोगाचा विषाणू चोळला तर तिथे नुसते ठिपके उठतात. विषाणू शिरला त्या जागेच्या पेशी स्वतः मरतात आणि त्याची वाट अडवतात. आग पसरू नये म्हणून शेजारचं छप्पर उतरवावं, तसं. १९३८ साली होम्स यांनी हा गुण संकर करून लागवडीच्या तंबाखूत आणला.

पण १९३१ सालीच सॅम्युएल यांनी नोंदवलं होतं की, उष्णता वाढली की हा बंदोबस्त ढिला पडतो. साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर ठिपके उठत नाहीत, विषाणू झाडभर पसरतो. तेच झाड पुन्हा गारव्यात आणलं की पहारेकरी जागा होतो; पण तोवर शत्रू घरभर झालेला, म्हणून झाडच करपतं.

टोमॅटोचीही तीच कथा. सूत्रकृमींना अडवणारा जनुक रानटी टोमॅटोतून आला. १९४४ साली स्मिथ यांनी कोवळा गर्भ काचपात्रात वाढवून तो संकर साधला. १९६९ साली ड्रॉपकिन यांनी दाखवलं की, २८ अंशांच्या वर हा पहाराही सुटत जातो.

२०२२ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेंग-यांग हे यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या एका झाडावर प्रयोग केले. २८ अंशांना ते झाड सॅलिसिलिक आम्ल हे बचावाचं रसायन पुरेसं बनवत नाही. पण ते बनवायला लावणारा एक जनुक चालूच राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा झाड उष्म्यातही लढलं. उन्हाळे तापत चालले असताना हे महत्त्वाचं आहे.

असो. बहुधा रोप खोटं नव्हतं, माझी कुंडी तापली होती. परवा जाऊन माफी मागितली. तो हसून म्हणाला, "मास्तर, आता ऑक्टोबरात लावा."