मल्टिपल मायलोमा : उलटलेल्या आजारातील संयुक्त औषधचाचण्या

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग उपचारांनी दबतो, पण बहुतेक रुग्णांत पुन्हा उलटतो. आधीच्या औषधाला दाद न देणाऱ्या पेशी तगून वाढतात. म्हणून निरनिराळ्या वाटांनी मारा करणारी दोन-तीन औषधे एकत्र देतात. १९६० च्या दशकात एमिल फ्राय व एमिल फ्रायराइक यांनी मुलांच्या ल्युकेमियात ही रीत रुजवली.

पद्धत : रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. एका गटाला प्रचलित औषधे, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला नवे औषध. आजाराची चाल रक्त-लघवीतील एम-प्रथिनावरून कळते.

प्रमुख चाचण्या : ॲस्पायर (७९२ रुग्ण, २०१५) चाचणीत लेनालिडोमाइड-डेक्सामेथासोनला कारफिल्झोमिबची जोड दिल्यावर आजार न वाढता गेलेला मध्यक काळ १७.६ वरून २६.३ महिन्यांवर गेला. पोलक्स (५६९ रुग्ण, २०१६) चाचणीत डाराटुमुमाबच्या जोडीने आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी घटला.

बेलिनी : या विषयात सर्वाधिक अभ्यासावी अशी चाचणी. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध कर्करोगपेशींना मरू न देणारे बीसीएल-२ प्रथिन निकामी करते. बोर्टेझोमिब व डेक्सामेथासोन घेणाऱ्या २९१ रुग्णांपैकी १९४ जणांना व्हेनेटोक्लॅक्सची गोळी, ९७ जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळाली. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ११.५ वरून २२.४ महिने झाला. तरीही मृत्यू नव्या औषधाच्या गटात अधिक : १९४ पैकी ४१, तर दुसऱ्या गटात ९७ पैकी ११. उपचारकाळात जंतुसंसर्गाने दगावलेले आठही रुग्ण व्हेनेटोक्लॅक्सच्या गटातले होते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मायलोमातील व्हेनेटोक्लॅक्सच्या चाचण्यांत नवे रुग्ण घेणे थांबवले. एम-प्रथिन घटले म्हणून रुग्ण वाचला असे धरता येत नाही, हे या आकड्यांनी दाखवले. जोडीतले प्रत्येक औषध रोगप्रतिकारशक्तीवर काय भार टाकते, हेही मोजावे लागते. ११ व १४ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेल्या रुग्णांना मात्र लाभ दिसला. त्यांच्यासाठीच आखलेल्या कॅनोव्हा चाचणीने ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले नाही, हे २०२३ मध्ये कळले.

पेम्ब्रोलिझुमाब : पोमालिडोमाइड किंवा लेनालिडोमाइडसोबतच्या या औषधाच्या दोन चाचण्या जास्त मृत्यूंमुळे २०१७ मध्ये थांबवल्या गेल्या.

भारत : बोर्टेझोमिब व लेनालिडोमाइड यांची देशी जेनेरिक औषधे मिळतात.