जोखीम कोणाची, लाभ कोणाचा

वैद्यकीय संशोधनात जोखीम कोणी पत्करायची आणि लाभ कोणाला मिळायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात 1897 च्या प्लेगपासून उभा आहे. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथे तयार झालेल्या कैद्यांना लस देऊन उरलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. लस उपयोगी ठरली. बंदिवासातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न मात्र मागे उरला.

होकाराच्या या प्रश्नाला एक उत्तर वैद्यकाबाहेरून आले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ती परिषद आरोग्यासाठी नव्हती. पण ज्यांचे जगणे पिढ्यानपिढ्या इतरांनी ठरवले, त्यांनी आपला निर्णय आपणच घ्यायचा, हे तिथे ठणकावून सांगितले गेले. पुढे नाझी डॉक्टरांचे छळप्रयोग उघड झाले आणि 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती ही संशोधनाची पहिली अट ठरवली. येवल्याची मागणी संमतीच्याही पुढची, निर्णयातल्या वाट्याची होती.

असा वाटा गडचिरोलीत काही अंशी दिसला. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1993 पासून 39 गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास केला. गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि 2011 पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली.

गडचिरोलीचे निष्कर्ष आले त्याच सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे चार गट केले गेले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा, म्हणजे तपासणी हवी असल्यास कुठे जावे याची माहिती. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत विषाणू, शोधणाऱ्या चाचणीच्या गटात या कर्करोगाने 34, तर चौथ्या गटात 64 मृत्यू झाले. तपासणीने जीव वाचतात हे आधीच माहीत असताना हा गट तिच्याविना का ठेवला, असा आक्षेप घेतला गेला. भारतात तेव्हा सार्वत्रिक तपासणी नव्हतीच, असे संशोधकांचे उत्तर होते. पण गरिबीमुळे सेवा नसणे हेच तुलनेचे प्रमाण मानले, तर अन्यायच संशोधनाचा पाया होतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नीतितत्त्वे 1980 मध्ये आली आणि 2000, 2006 व 2017 मध्ये ती विस्तारली. 2019 च्या नियमांनुसार औषधचाचणीत इजा झाल्यास उपचार व भरपाई बंधनकारक आहे. पण लाभाच्या वाट्याचा प्रश्न उरतोच. उस्मानाबादच्या स्त्रियांमुळे एचपीव्ही चाचणीचे मोल जगाला कळले. ती चाचणी त्याच गावांत मोफत आणि कायमची पोहोचवणे, हे त्यांचे आपल्यावरचे देणे आहे.