सीमेवरचा बाजार

आजच्या मेघालयातल्या गारो टेकड्यांतला कापूस एकेकाळी पायथ्याच्या आठवडी बाजारात उतरायचा. बंगालच्या मैदानातून मीठ आणि सुकी मासळी यायची. खासी टेकड्यांतली संत्री, सुपारी, चुनखडी सिल्हेटकडे जाई. डोंगराला मैदान हवे होते, मैदानाला डोंगर.

1947च्या फाळणीत डोंगर भारतात राहिले, मैदान पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात गेले आणि या वाटा तुटल्या. दिल्ली, कराचीत आखलेल्या धोरणांचा फटका बसला तो पाठीवर टोपली घेऊन चालणाऱ्या बाईला! हाकेच्या अंतरावरचे गिऱ्हाईक परदेशी झाले आणि जुना व्यवहार चोरटा ठरला.

ऑक्टोबर 2010 मध्ये सीमेवरच्या बाजारांसाठी भारत-बांगलादेश करार झाला आणि जुलै 2011 मध्ये मेघालयातल्या कलाईचरला पहिला 'बॉर्डर हाट' भरला. पाच किलोमीटरच्या परिघातले रहिवासी तिथे स्थानिक माल विकू लागले. भाजीपाला, फळे, मसाले, हातमागाचे कापड यांवर सीमाशुल्क नाही. पैसे रुपयांत किंवा बांगलादेशी टाकामध्ये. खरेदीची मर्यादा मात्र सुरुवातीला माणशी 50 डॉलरइतकी, पुढे ती 200 झाली. पुढे त्रिपुरातही असे हाट निघाले.

2020 मध्ये करोनामुळे हे बाजार बंद पडले, तेव्हा नुकसान सोसले ते याच छोट्या विक्रेत्यांनी. मुक्त व्यापाराच्या मोठ्या करारांत अशा विक्रेत्यांना क्वचितच जागा मिळते; इथे करारच त्यांच्यासाठी झाला, हे या हाटांचे खरे मोल.