आजोबांची चाल आणि डॉट मिड फाइल

आजचा एपिसोड एका छोट्याशा फाइलबद्दल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोपेक्षाही लहान.

माझे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत मी त्यांना माझ्या कीबोर्डवर बसवलं, वायर लॅपटॉपला जोडली आणि सात चाली रेकॉर्ड केल्या. आज आजोबा नाहीत. आणि तेव्हाच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन जुने प्रोजेक्ट उघडतच नाही. वाचली ती एकच चाल. का? तर ती मी मिडी फाइल करून आतेभावाला मेल केली होती.

आता जरा मागे जाऊ. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी सहसा बोलू शकत नसे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरने जोडले. एक वाजवला की दुसराही वाजला! हे दोघं खरं तर बाजारातले स्पर्धक. यामागचे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

१९८५ च्या अटारी एसटी कॉम्प्युटरला तर मिडीची सॉकेट्स आतूनच होती. मग १९८७ मध्ये केकवॉक आलं, १९८९ मध्ये क्यूबेस. २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचं काम थांबवलं, पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेतलं. म्हणजे बघा, सॉफ्टवेअरचे मालक बदलतात, मिडी तीच राहते.

मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी कधी दाबली, कधी सोडली, किती जोरात (० ते १२७), एवढीच नोंद. म्हणून तीच चाल पेटीऐवजी बासरीवर वाजवता येते. रिमिक्स सोपं होतं ते यामुळेच.

मग सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? नोटेशन छापायचं असेल तर म्यूझस्कोर. बीट्स टाकायचे असतील तर एलएमएमएस. दोन्ही फुकट. पण एक लक्षात ठेवा: नोटेशनवाली सॉफ्टवेअर स्वर कागदावर बसवायला वेळ सरळ करून घेतात. पियानो रोलमध्ये तो जसाच्या तसा दिसतो. आणि काही ठरवण्याआधी एक टेस्ट करा. फाइल एडिट करा, मिडी म्हणून एक्स्पोर्ट करा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नीट उघडली तरच पुढे जा.

मी आजोबांच्या चालीखाली ढोलकी टाकली. क्वांटाइझ दाबलं आणि सगळे स्वर तालात चपखल बसले. पण समेवर यायच्या आधी आजोबा किंचित रेंगाळायचे, ते गेलं.

लगेच अनडू केलं. ढोलकीच जरा मागे सरकवली.

तुमच्याकडे जुने प्रोजेक्ट असतील तर आज रात्रीच एक्स्पोर्ट करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!