साधू, सावकार आणि सुगरण



धर्माबादच्या मिरची बाजारात एकाच माणसाला सकाळपासून दुपारपर्यंत चार प्रकारचे मान मिळतात. इकडचा शेतकरी त्याला 'शेठ' म्हणतो, तेलंगणातून माल घेऊन आलेला नावापुढे 'गारू' लावतो, उर्दू बोलणारा टेम्पोवाला 'साहब' म्हणतो आणि दुकानातला जुना मुनीम 'रावसाहेब'. माणूस तोच, मिरचीही तीच. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा इथे रोजच्या आहेत, आणि कन्नडही फार लांब नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे निजामाच्या हैदराबाद संस्थानात एकत्र होतो. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे प्रांत पडले तेव्हा मुधोळ-भैंसा तिकडे गेले आणि धर्माबाद इकडे आले. हद्द कागदावर पडली, जिभेवर काही पडली नाही.

(तेलुगूत पाहुण्याला आदराने 'या' म्हणण्यासाठी जो शब्द आहे, तो मराठी-हिंदी कानाला कसा ऐकू येतो हे इथल्या लोकांना सांगायला नको. नवी सून पुण्याकडून आली की पहिल्या आठवड्यातच हा प्रसंग घडतो. एका भाषेतला मान दुसऱ्या भाषेत थेट शिवी होतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. शब्द मात्र मी लिहिणार नाही.)

हे मानाचे शब्द मुळात आले कुठून, हे शोधायची मला बऱ्याच वर्षांपासून हौस आहे. शोधत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बहुतेक शब्द आधी कामाचे किंवा आचरणाचे होते. मग ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागले, आडनाव झाले, आणि काम मागे राहिले.

'शेठ' घ्या. मूळ शब्द श्रेष्ठी, म्हणजे सर्वांत चांगला, व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा प्रमुख. प्राकृतात तो 'सेट्ठी' झाला. तोच उत्तरेत सेठ, तेलुगू-कन्नडमध्ये शेट्टी आणि तमिळकडे चेट्टी. आज दुकान उघडले की पहिल्या दिवसापासून शेठ, श्रेष्ठ असण्याची अट नाही.

त्याहून नवल 'सावकार' या शब्दाचे. आपल्या णमोकार मंत्रात पाच परमेष्ठींना वंदन आहे आणि शेवटी लोकातल्या सर्व साधूंना. प्राकृतात साधूचे 'साहू' होते. त्याच शब्दाचे मराठीत 'साव' झाले, म्हणजे सरळ, खरा माणूस. चोर आणि साव ही जोडी आपण आजही वापरतो. साव म्हणून वागणारा, ज्याच्याकडे ठेव ठेवली तर ती परत मिळेल असा माणूस, तो सावकार. आपल्यातले 'शहा' हे आडनावही याच साहूपासून आले असे भाषेचे जाणकार सांगतात. आता 'सावकार' म्हटले की मराठवाड्यात कोणाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते पाहा: गहाण जमीन, अंगठा आणि न संपणारे व्याज. चांगल्या चारित्र्याचा शब्द मराठीत बदनाम झाला. तेलुगूत मात्र 'शावुकारू' म्हणजे नुसता श्रीमंत व्यापारी. १९५० साली त्या नावाचा तेलुगू चित्रपट आला आणि त्यातल्या नायिकेला लोक जन्मभर 'सावकार' जानकी म्हणत राहिले. मराठीत कुठल्या नटीने हे नाव आनंदाने लावले असते का?

मला यात आपल्या समाजासाठी एक टोचणी दिसते. मंत्रातला साधू आणि बाजारातला सावकार हे एकाच घरातले शब्द. मंत्रात तर कोणाचेही नाव नाही. ऋषभदेवांचे नाही, महावीरांचे नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, एवढेच. ज्याच्यात ते गुण असतील त्याला वंदन. वंश, गाव, गोत्र काही विचारलेले नाही. आणि 'आचार्य' या शब्दात विद्वत्ता व वागणूक वेगळी काढताच येत नाही. जो स्वतः आचरतो आणि मग इतरांकडून आचरून घेतो तो आचार्य.

राजांनी दिलेले मान वेगळ्या जातीचे. त्यांत आपला भाग जुना आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. राजधानी मान्यखेटला गेली तरी मानाचे नाव लातूरचेच राहिले. त्या वंशातला अमोघवर्ष जिनसेनाचार्यांचा शिष्य मानला जातो. 'अमोघवर्ष' हीसुद्धा पदवीच, ज्याची वृष्टी वाया जात नाही असा. इतिहासात माणूस पदवीनेच ओळखला जातो. त्याच्या दरबारातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. म्हणजे त्या हिशेबाने गोदावरीच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख त्या देशात बसतो.

निजामाच्या काळात पदव्यांची पायरीच होती: खान बहादूर, जंग, दौला, मुल्क, जाह. हैदराबादचे वस्तुसंग्रहालय ज्या घराण्याच्या नावाने आहे, त्यातल्या पहिल्या सालारजंगांचे नाव मीर तुराब अली खान. १८५३ पासून १८८३ पर्यंत ते दिवाण होते, पण नाव कोणाच्या लक्षात आहे? 'सालारजंग' म्हणजे युद्धाचा सेनापती, आणि त्यांचे खरे काम तर जमाखर्च आणि महसूल सुधारण्याचे! खाली गावात पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. हे सगळे हुद्दे. हुद्दे गेले, आडनावे राहिली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि कलम १८ ने सरकारने असे किताब देणे बंद केले, फक्त लष्करी आणि विद्येचे तेवढे ठेवले.

नांदेडला गेलात तर आदराचा आणखी एक प्रकार दिसेल. 'साहेब' हा अरबी शब्द, मूळ अर्थ सोबती, नंतर मालक. शिखांनी तो ग्रंथाला आणि जागेला लावला. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला गुरुगादी ग्रंथाकडे सोपवली, आणि ग्रंथ 'साहिब' झाला. माणसाला दिलेला मान पुढे वारशाने घसरतो, त्यावर हा एक उपाय म्हणायचा.

कारागिरांचे शब्द मला जास्त आवडतात, कारण ते सहसा खोटे बोलत नाहीत. बांधकामावरचा 'मेस्त्री' पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे' या शब्दातून आला, म्हणजे उस्ताद. तेलुगूतही तो मेस्त्रीच. फारसी उस्तादाचा मराठी तालमीत 'वस्ताद' झाला. 'वाकबगार'मध्ये अरबी 'वाकिफ' आहे, जाणणारा. संस्कृतकडून 'निष्णात' आला, म्हणजे त्या विद्येत न्हालेला, आणि 'पारंगत' म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. तेलंगणातले सुतार-सोनार नावापुढे 'चारी' लावतात, ते आचार्याचेच रूप आहे. हातात पटाशी किंवा हातोडी घेणाऱ्याला आचार्य म्हणायचे, ही तेलुगू लोकांची गोष्ट मला मराठीपेक्षा मोठ्या मनाची वाटते.

आता आपल्याकडे, बायकांकडे वळते. पुरुषासाठी मान म्हणजे हुद्दा, विद्या, कसब. बाईसाठी मानाचा शब्द कोणता? अब्रू. हा फारसी शब्द, 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, मोत्याला पाणी म्हणतो तसे. अर्थ किती सुंदर! पण मराठीत अब्रू 'राखायची' असते किंवा ती 'जाते'. बाईने अब्रू कमावली असे आपण सहसा म्हणत नाही. 'इभ्रत'चेही असेच. उर्दूत 'इबरत' म्हणजे दुसऱ्याचे बघून घ्यायचा धडा. मराठीत त्याची घराण्याची प्रतिष्ठा झाली आणि ती सांभाळायचे काम मुलीसुनांकडे आले.

'शील' तर आपल्या धर्माचा शब्द. श्रावकाची बारा व्रते आपण लहानपणी पाठ केली: पाच अणुव्रते, तीन गुणव्रते, चार शिक्षाव्रते. यातल्या शेवटच्या सातांना मिळून शील म्हणतात. दिशांची मर्यादा घालून घेणे, सामायिक करणे, अतिथीला वाटा देणे, हे सारे शील आहे आणि ते श्रावक-श्राविका दोघांना सारखे. मराठी बोलण्यात मात्र शील फक्त बाईचे उरले. आणि 'मर्यादा' पाहा. मराठीत मर्यादा म्हणजे कुंपण, सुनेने मर्यादेत राहावे. तेलुगू-कन्नडमध्ये तोच संस्कृत शब्द बहुधा आदर-सत्कार या अर्थाने येतो; पाहुण्याची 'मर्यादा' केली म्हणजे त्याला मानाने वागवले. एकाच शब्दाने इकडे दार लावले आणि तिकडे उघडले.

पण याच दख्खनमध्ये हजार वर्षांपूर्वी एका जैन बाईला तिच्या स्वतःच्या कामावर पदवी मिळाली आहे, आणि ती आपल्या मुलींना माहीत नसते याचे मला वाईट वाटते. त्या काळचे थोडे सांगते. निजामाबादच्या पुढे करीमनगर जिल्ह्यात कुरिक्याल गावाजवळ बोम्मलगुट्टा नावाची टेकडी आहे. तिथे खडकावर चक्रेश्वरी आणि तीर्थंकर कोरले आहेत आणि खाली दहाव्या शतकातला लेख आहे, संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत. तो कोरवला जिनवल्लभाने, आपला मोठा भाऊ पंप याच्या गौरवासाठी. पंप हा कन्नडचा आदिकवी, वेमुलवाड्याच्या अरिकेसरीच्या दरबारातला जैन कवी. त्याचे बिरुद 'कवितागुणार्णव', कवितेच्या गुणांचा सागर. राजाने त्याला धर्मपूर नावाचे गाव अग्रहार दिले. (नाव ऐकून आपले धर्माबाद आठवते, पण ते हे नव्हे.) भावाचा मान तीन भाषांत कोरावासा वाटला, कारण वाचणारे तीन भाषांचे होते. आपल्या बाजारासारखेच.

त्याच शतकात पोन्न या जैन कवीला राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याने 'उभयकविचक्रवर्ती' म्हटले, संस्कृत आणि कन्नड दोन्हींतल्या कसबासाठी. पुढे बांगड्या विकणाऱ्या घरातला रन्न 'कविचक्रवर्ती' झाला. त्याचे गाव मुधोळ, पण ते बागलकोटकडचे, आपल्या शेजारचे नाही. आणि या रन्नाला आश्रय देणारी बाई म्हणजे अत्तिमब्बे.

अत्तिमब्बे ही चालुक्यांच्या सरदार नागदेवाची बायको. तिची धाकटी बहीण गुंडमब्बेही त्यालाच दिलेली. नागदेव लढाईत पडला तेव्हा गुंडमब्बे सती गेली. त्या काळच्या हिशेबाने मान तिथेच होता. अत्तिमब्बे मागे राहिली, लहान मुलगा वाढवला, व्रते घेतली, आणि पैसा कुठे लावायचा हे स्वतः ठरवले. पोन्नाचे शांतिपुराण नष्ट होईल अशी भीती होती. छापखाना नव्हता, म्हणून तिने ताडपत्रावर त्याच्या १००० प्रती लिहवून वाटल्या. एक हजार! ताडपत्रे आणणे, ती तयार करणे, लेखकांना बसवून त्यांचे जेवणखाण आणि मजुरी पाहणे, प्रत तपासणे, गावोगाव पोचवणे. ज्या बाईने लग्नघरचा कोठीघराचा हिशेब सांभाळला आहे तिला हे काम किती आहे ते कळेल. १५०० जिनमूर्ती दान केल्याचेही सांगतात. ९९३ मध्ये रन्नाने तिच्यासाठी अजितपुराण पुरे केले. लक्कुंडीचे मोठे जिनालय तिचेच, तिथला १००७ चा लेख तिचे नाव सांगतो. लोकांनी तिला 'दानचिंतामणी' म्हटले. नवऱ्याचे नाव नाही, मुलाचे नाव नाही, राखलेल्या अब्रूचा उल्लेख नाही. तिने जे केले त्याचेच नाव. कर्नाटक सरकार आजही तिच्या नावाने कर्तबगार स्त्रियांना पुरस्कार देते.

आपल्या मराठीने बाईच्या कसबाला एकच खास शब्द दिला, सुगरण. मूळ सुगृहिणी. गंमत अशी की ज्या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो त्याचा तो विणलेला खोपा नर बांधतो, मादी पसंत-नापसंत करते. काम नराचे आणि नाव बाईचे, असे झालेले हे एकच ठिकाण असावे! बाकी उलटेच. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, देशमुखीण म्हणजे देशमुखाची. तेलुगूतला 'गारू' पुरुषाला आणि बाईला सारखाच लागतो. मराठीत 'राव' आणि 'पंत' बाईला लागत नाहीत, 'साहेब' लावायचे तर आधी ताई किंवा बाई व्हावे लागते.

मी वाणिज्य शाखेची. हिशेबशास्त्रात 'ख्याती' नावाची मालमत्ता असते. दुकान विकत घेताना नावासाठी जास्तीचे पैसे मोजले तर ती ताळेबंदात येते. पण स्वतः वर्षानुवर्षे कमावलेले नाव वहीत मांडता येत नाही, कारण त्याची कोणी किंमत दिलेली नसते. कॉलेजात हा नियम पाठ केला तेव्हा बायकांच्या कामाशी त्याचा काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

मिरचीच्या बाजारात आडत्या आहे, दलाल आहे, मापाडी आहे, हमाल आहे. प्रत्येकाला नाव आहे. मिरची निवडणाऱ्या बायकांना मात्र नुसते 'बाया' म्हणतात. हातात घेतल्या घेतल्या ओल किती, रंग टिकेल का, हे त्या सांगतात. त्यांच्यातली जी सर्वांत जुनी आणि जाणती असते तिला मराठी बोलणाऱ्याही आणि तेलुगू बोलणाऱ्याही 'अक्का' म्हणतात, आणि तिने बाजूला काढलेली मिरची कोणी परत ढिगात टाकत नाही.