खाजनाचा बांध कोणाचा?

बेळगावहून पणजीकडे जाणारी बस फोंडा मागे टाकून बाणस्तारीच्या पुलाशी आली, की खिडकीबाहेरचा मुलूख बदलतो. एका बाजूला नदी, तिला लागून ठेंगणासा मातीचा बांध आणि बांधापलीकडे भाताची सपाट शेते. भरतीच्या वेळी नीट पाहिले तर ध्यानात येते की नदीचे पाणी वर आहे आणि शेत खाली! मध्ये आहे तो फक्त मातीचा बांध. हीच गोव्याची खाजने. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठी अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. किनारा राखायचा म्हणजे दगडी भिंत घालायची, एवढेच आज आपल्याला सुचते. आपल्या शेजारच्या या मुलखाने तेच काम निराळ्या रीतीने शेकडो वर्षे केले.

ही रीत किती जुनी? बांदोड्यास सापडलेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्मन् याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख येतो. तो साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी या भूमीत खाऱ्या दलदलीचे शेत करण्याची विद्या होती. पहिले बांध गावडे-कुणब्यांच्या हातांनी उभे राहिले, अशी परंपरा सांगते.

बांधाची रचना साधी वाटते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. पोटात नदीकाठचा चिकण चिखल आणि भाताचा पेंढा, नदीच्या अंगाला जांभ्या चिऱ्यांचा थर, आणि त्याही पुढे पाण्यात खारफुटीची झाडे. लाटेचा जोर आधी झाडांवर सरतो, उरलासुरला चिरे सोसतात आणि चिखलाचा गाभा शाबूत राहतो. बांधात जागोजाग लाकडी दरवाजे बसवलेले असतात. त्यांना 'मानस' म्हणतात. ओहोटीला शेताकडच्या पाण्याच्या दाबाने मानशीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि पावसाचे जादा पाणी नदीत जाते. भरती आली की नदीचेच पाणी झडप लोटून मिटवते. मानशीच्या आत 'पोंय' नावाचा खोलगट तळ्यासारखा भाग असतो. आत आलेले खारे पाणी तेथेच थोपते आणि आतल्या बांधापलीकडचे शेत वाचते. शेतात पिकते ते खारटपणा सोसणारे कोरगुट भात.

पण मातीचा बांध एकदा घालून भागत नाही. कुर्ल्या त्याला बिळे पाडतात, पाऊस तो धुतो, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण त्याचा कच्चा भाग हुडकून काढते. वेळेवर बुजवले नाही तर वीतभर भोकाची खांड होते, आणि एकदा खारे पाणी आत शिरले की ती जमीन पुढची काही वर्षे पिकत नाही. म्हणूनच खाजनाचा इतिहास हा डागडुजीचा इतिहास आहे.

ही डागडुजी गावकरी संस्था करीत असे. १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हा ही संस्था आधीच जुनी झालेली होती. पुढे राज्यकर्त्यांनी तिला 'कोमुनिदाद' म्हटले. गोव्याचेच सुपुत्र असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी तिचा अभ्यास करून तिच्यावर लिहिले आहे.

या व्यवस्थेचे मर्म मानशीपाशी दिसते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जाई आणि येणाऱ्या पैशातून बांध दुरुस्त होई. मासळी धरणाऱ्याला खारे पाणी जास्त हवे, भात पिकवणाऱ्याला कमी. दोघांचा हिशेब एकाच संस्थेकडे असल्याने मानस किती उघडायची हे गाव ठरवी.

मात्र ही संस्था म्हणजे रामराज्य होते, असे मानण्याचे कारण नाही. तिच्यातला आवाज गावकार घराण्यांतल्या पुरुषांचा. चिखलाची पाटी डोक्यावर वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ना वाटा होता ना मत. म्हणून मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला, हा न्यायच होता. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पण जमीन वाटली गेली, तसा बांध वाटता येत नव्हता. शेती परवडेनाशी झाली, मुले नोकरीला गेली आणि कित्येक ठिकाणी भातापेक्षा पावणीचा पैसा मोठा ठरला. मग मानस भरतीलाही उघडी राहू लागली. पाण्याच्या ओढीने तळ खरवडला जाऊ लागला आणि खारे पाणी शेतात चढले. २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत खनिजाच्या बार्जींच्या लाटांनीही हे बांध झिजवले.

कोकणातल्या खारजमिनींची गोष्ट फारशी वेगळी नाही. कुलाबा जिल्ह्यात शिलोत्रदारांनी घातलेले बांध पुढे १९४८ आणि १९७९ च्या कायद्यांनी सरकारी देखरेखीखाली आले. सरकारचा हात मोठा खरा, पण बांधाला भोक पडते ते रात्री, उधाणाला, आणि ते पहिल्यांदा दिसते ते जवळ राहणाऱ्याला.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण मिळाले. ते स्वागतार्ह आहे. पण कागदावर राखलेल्या खाजनातही कुर्ल्या बिळे पाडायच्या थांबत नाहीत. समुद्राची पातळी वाढत असताना हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. जुन्या गावकरीत ज्यांना जागा नव्हती, त्या हातांना मान आणि वाटा देणारी, आणि तरीही भात नि मासळीचा हिशेब एकत्र ठेवणारी संस्था आपल्याला उभी करता येईल का? बांधाची माती तीच आहे, मानशीची विद्याही अजून काही वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. पुढच्या वेळी बाणस्तारीच्या पुलावरून जाल तेव्हा खिडकीबाहेर जरूर पाहा. हिरवे भात दिसले, तर समजा की यंदाही पावसाआधी कोणीतरी चिखलाच्या पाट्या वाहिल्या आहेत.